संसार मोडा, पण फोन नंबर ठेवून जा

‘डॉन अँड द इम्पॉसिबल थ्री’ या १९८७ सालच्या कादंबरीत एका घराची पार दैना झालेली आहे, आणि ती निस्तरायला ज्या जबाबदार व्यक्तीला बोलावलं जातं तिचं वय आहे बारा. ‘द बेबी-सिटर्स क्लब’ या अमेरिकी मालिकेतलं हे पाचवं पुस्तक. लेखिका ॲन एम. मार्टिन. स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेनं १९८६ साली मालिका सुरू केली तेव्हा बेत जेमतेम चार पुस्तकांचा होता. पुढे मूळ मालिकाच १३१ पुस्तकांवर गेली. रहस्यकथा वेगळ्या, सुट्टीतली जाडजूड विशेष पुस्तकं वेगळी, आणि एका नायिकेच्या धाकट्या सावत्र बहिणीच्या नावानं काढलेली उपमालिका तर त्याहून वेगळी. छापलेल्या प्रतींचा आकडा सतरा कोटींच्या वर गेला. शाळकरी मुलींसाठी लिहिलेली ही पुस्तकं मोठेपणी पुन्हा उघडली की हसू आवरत नाही, आणि ते बहुतेक वेळा गावातल्या आईबापांकडे बघून येतं. पण हसून झाल्यावर लक्षात येतं की या मालिकेनं मोडलेल्या घरांबद्दल एक रुक्ष, कारकुनी थाटाचा सिद्धांत मांडलेला आहे. लग्न मोडल्यानं पोरांचे हाल होतात हे खरं. पण त्याहून जास्त हाल होतात ते नंतर कोणी काही लिहून ठेवत नाही म्हणून. हा सिद्धांत ऐकायला पोरकट वाटतो. माझं म्हणणं असं की कुटुंबावर लिहिलेल्या बऱ्याच भारदस्त कादंबऱ्यांपेक्षा तो जमिनीवरचा आहे.

आधी ही संस्था समजून घेऊ. कनेक्टिकट राज्यातल्या स्टोनीब्रुक या काल्पनिक गावात क्रिस्टी थॉमस नावाची मुलगी राहते. वडील घर सोडून कॅलिफोर्नियाला गेलेले, आई नोकरी करून चार मुलांना वाढवते आहे. एका संध्याकाळी धाकट्याला सांभाळायला कोणी मिळेल का म्हणून आई एकामागून एक फोन फिरवत बसते आणि क्रिस्टीच्या डोक्यात कल्पना येते: एका नंबरवर फोन केला की चार मुली एकदम हाताशी, ज्या मोकळ्या असतील त्यांनी जायचं. तासावर पैसे घेऊन शेजाऱ्यांची मुलं सांभाळणं हा तिथल्या शाळकरी मुलींचा रीतसर जोडधंदा. क्रिस्टीनं त्याची संस्था केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते सहा, क्लॉडिया नावाच्या मैत्रिणीच्या खोलीत बैठक. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे रीतसर. उपाध्यक्षपदाची पात्रता एकच, की तिच्या खोलीत तिचा स्वतःचा फोन आहे. सचिवाकडे कामांची नोंदवही, खजिनदाराकडे दर सोमवारी वर्गणी. त्याशिवाय एक वही अशी, की प्रत्येकीनं मूल सांभाळून आल्यावर तिथे काय घडलं ते लिहायचं आणि बाकीच्यांनी ते वाचायचं, म्हणजे पुढच्या वेळी जाणारी अंधारात राहणार नाही. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्तं ज्यांनी वाचली आहेत त्यांना या मुलींची दप्तरं बघून गहिवरून येईल. स्टोनीब्रुकमध्ये वेळेवर सुरू होणारी, हिशेब ठेवणारी आणि लेखी नोंद करणारी ही एकमेव संस्था, आणि तिच्या पदाधिकाऱ्यांना अजून मतदानाचा हक्क मिळायचा आहे.

आता या संस्थेसमोर बॅरेट बाईंचं घर ठेवा. नुकताच घटस्फोट झालेला, बाई नोकरी शोधताहेत, पदरात तीन मुलं: सात वर्षांचा बडी, पाच वर्षांची सूझी आणि दोन वर्षांची मार्नी. शिवाय पाऊ नावाचा कुत्रा, कारण अमेरिकी बालसाहित्यात दैना कुत्र्याशिवाय पूर्ण होत नाही. बाई दिसायला देखण्या, कपडे झकपक, आणि घरात पाऊल ठेवायला जागा नाही. क्लबकडून बारा वर्षांची डॉन येते, मुलं सांभाळते, मग खरकटी भांडी घासते, पसारा आवरते, आणि या जादा कामाचे पैसे कोणी देत नाही. बाई परत येतात, घर बघून खूश होतात, डॉनचं तोंडभर कौतुक करतात आणि पुढच्या वेळी याहून मोठा पसारा मांडून निघून जातात. जाताना आपण कुठे आहोत, तिथला नंबर काय, हे सांगायचं राहून जातं. मार्नीला चॉकलेट चालत नाही, ते खाल्लं की त्रास होतो, हेही सांगायचं राहून जातं. बाईंच्या मनात वाईट काहीच नाही. त्यांच्या डोक्यात एकाच वेळी इतकी कामं चालू आहेत की प्रत्येक काम अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं त्या वेळी दारात जी मुलगी उभी असेल तिच्या अंगावर पडतं.

या सगळ्याचा कडेलोट होतो तो बडी नाहीसा होतो त्या दिवशी. मुलगा अंगणातून गायब, शेजारीपाजारी शोधताहेत, पोलिसांना फोन जातो. दुसऱ्या एखाद्या लेखिकेनं इथे काळी गाडी आणि अनोळखी माणूस आणला असता. मार्टिनबाईंनी गाडी आणली, पण तिच्यात बडीचे वडीलच बसवले. त्या दिवशी मुलं बापाकडे जायची होती, बाईंनी तारखांचा घोळ घातला, बापाचं डोकं फिरलं, आणि अंगणात दिसलेल्या पोराला तो काही न सांगता घेऊन गेला. म्हणजे अख्ख्या कादंबरीचा थरारक कळसाध्याय शेवटी निघतो भिंतीवरच्या कॅलेंडरातला गोंधळ. खलनायक कोणी नाही, अपहरण नाही, सूड म्हणावा तर तोही अर्धवट. वाचकाची पहिली प्रतिक्रिया हसण्याची होते: एवढ्यासाठी पोलीस? दुसरी प्रतिक्रिया जरा वेळानं येते, की मुलांच्या ताब्यावरून होणारी बहुतेक भांडणं नेमकी याच पातळीवर चालतात. कोणाचा शनिवार, किती वाजता सोडायचं, शाळेतल्या कार्यक्रमाचं कोणी कळवलं नाही. थोर तत्त्वांवरून भांडायला आईबाप कोर्टात एकदाच जातात. बाकीची वर्षं शनिवारवरून जातात.

हा दृष्टिकोन कुठून आला ते त्या काळाकडे पाहिलं की कळतं. दोघांपैकी कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियानं केला. १९६९ साली त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, स्वतः घटस्फोटित. आणि क्रिस्टीचा क्लब सुरू झाला तेव्हा तेच राष्ट्राध्यक्ष होते. डॉनच्या आईबापांचं लग्नही कॅलिफोर्नियातच मोडतं, हा योग जुळून आला म्हणायचा. अमेरिकेतलं घटस्फोटाचं प्रमाण १९८०च्या आसपास शिगेला पोचलं. म्हणजे ही पुस्तकं हातात घेणाऱ्या मुलीच्या वर्गात मोडलेलं घर ही कुजबुजायची गोष्ट राहिली नव्हती. जूडी ब्लूम यांनी १९७२ साली ‘इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड’ लिहिलं तेव्हा त्यातली मुलगी आईबाप पुन्हा एकत्र यावेत म्हणून डाव रचत होती, आणि ते येणार नाहीत हे समजण्यात पुस्तक संपत होतं. बेव्हर्ली क्लिअरी यांच्या १९८३च्या ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’मधला मुलगा ट्रक चालवणाऱ्या बापाच्या फोनची वाट बघतो. दोन्ही पुस्तकं चांगली, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच: असं का झालं? स्टोनीब्रुकच्या मुली हा प्रश्न फारसा विचारत बसत नाहीत. झालं ते झालं, आता मंगळवारी दुपारी मुलांकडे कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न. त्याला उत्तर असतं, ते नोंदवहीत लिहिता येतं, आणि त्याचे तासाला पैसेही मिळतात.

या कारकुनी नजरेचा सगळ्यात नमुनेदार दाखला धाकट्या बहिणीच्या उपमालिकेत आहे. क्रिस्टीची आई पुढे वॉटसन ब्रुअर या लक्षाधीशाशी लग्न करते. लग्नाच्या गडबडीत पाहुण्यांची चौदा मुलं क्लबच्या गळ्यात पडतात, आणि सख्ख्या आईच्या लग्नात क्रिस्टी कामावर असते. वॉटसनची मुलगी कॅरेन काही दिवस आईच्या छोट्या घरी, काही दिवस बापाच्या मोठ्या घरी. तिनं याची स्वतःपुरती व्यवस्था लावली आहे: प्रत्येक वस्तू दोन. दोन घरांत दोन कापडी मांजरं, मूझी इकडचा आणि गूझी तिकडचा. अडचण आली ती टिकली नावाच्या पांघरुणाची. ते एकच होतं, त्याच्याशिवाय झोप येत नव्हती, आणि नेमकं ज्या घरी जायचं त्या घरी ते नसायचं. शेवटी कॅरेननं पांघरूण फाडून त्याचे दोन तुकडे केले, एक इकडे, एक तिकडे. हे सांगताना तिच्या आवाजात रड नाही. उलट सोय केल्याचा अभिमान आहे. घटस्फोटात मुलांची वाटणी होते असं मोठी माणसं म्हणतात. इथे मुलीनं मालमत्तेच्या यादीतली शिल्लक राहिलेली एक बाब स्वतः निकालात काढली, आणि कोणा वकिलाला फी द्यावी लागली नाही. दुःखाची एक ओळही न लिहिता दुःख दाखवायची ही रीत आहे, आणि ती दर पुस्तकात त्याच त्या शब्दांत सांगितली जाते हे सोडलं तर तिला नावं ठेवायला जागा नाही.

मोडलेलं जोडण्याच्या बाबतीतही मालिकेचा हिशेब वेगळा. डिस्नेच्या १९६१च्या ‘द पेरेंट ट्रॅप’मध्ये जुळ्या बहिणी आपल्याच आईबापांना पुन्हा एकत्र आणतात. डॉन आणि तिची मैत्रीण मेरी ॲन असल्या फंदात पडत नाहीत. मेरी ॲनचे वडील रिचर्ड स्पायर विधुर, डॉनची आई शॅरन घटस्फोटित. शाळेच्या जुन्या स्मरणपुस्तकातून मुलींना कळतं की हे दोघं शाळेत असताना एकमेकांवर जीव टाकत होते, आणि मुलगा गरीब म्हणून शॅरनच्या घरच्यांनी खोडा घातला होता. मग काय, तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या दोन मुली आपापल्या पालकांसाठी स्थळं बघायच्या मागे लागतात. आईबापांनी मुलीचे फोटो फिरवायचे, पोरींनी नाकं मुरडायची, ही आपल्याकडची पद्धत. स्टोनीब्रुकमध्ये भूमिका उलटल्या आहेत, एवढंच. १९९०मध्ये लग्न लागतं, आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही मालिकेनं पडदा पाडला असता. या मालिकेनं लगेच पुढच्या पुस्तकाचं नाव ठेवलं ‘डॉन्स विकेड स्टेपसिस्टर’. रिचर्डला सगळं जागच्या जागी हवं, शॅरनच्या वस्तू कुठेही सापडतात. डॉनच्या घरी शाकाहार, स्पायर मंडळींना मटण लागतं. मेरी ॲनचं मांजर शॅरनला सोसत नाही. जिवलग मैत्रिणी एका खोलीत राहायला लागल्या आणि आठवड्याभरात एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या. प्रेमानं दोन माणसं जुळतात, दोन फ्रीज जुळत नाहीत, हे दहा वर्षांच्या वाचकाला इतक्या स्पष्टपणे सांगणारी पुस्तकं फार नाहीत. लग्न ठरवताना पत्रिका बघणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा कारखान्यातला माल, त्यात कसलं जीवनदर्शन शोधता? आक्षेपात तथ्य आहे. सुरुवातीच्या तीसेक पुस्तकांनंतर बरीचशी पुस्तकं इतरांनी लिहिली, आणि सुरुवातीच्या पानावर हस्तलिखित तयार करण्यात अमक्याची मदत झाली असे सूचक आभार छापले गेले. प्रत्येक पुस्तकाचं दुसरं प्रकरण जवळपास सारखं: कोण कशी दिसते, कोणाच्या घरी कोण आहे, क्लबची कल्पना कोणाला सुचली. मुरलेल्या वाचक मुली ते प्रकरण न वाचता उलटतात. त्याहून मोठी गंमत काळाची. मुली दहाव्या पुस्तकाच्या सुमाराला आठवीत गेल्या आणि २०००मध्ये मालिका संपेपर्यंत आठवीतच राहिल्या. त्या एका न संपणाऱ्या इयत्तेत क्लबमधल्या स्टेसीच्या आईबापांचा घटस्फोट होतो आणि आईकडे राहायचं की बापाकडे हे तिलाच ठरवायला सांगतात. क्लॉडियाची आजी वारते. क्लबमधल्याच मॅलरीच्या बापाची नोकरी जाते. डॉन परत कॅलिफोर्नियाला राहायला जाते. पोरींचं वय हलत नाही, मोठ्यांच्या आयुष्याची मात्र पानं भराभर उलटतात. तर्काला हे पटत नाही. पण घरातल्या कटकटींचा अनुभव मुलांना असाच येत नाही का? त्यांची इयत्ता, त्यांची शाळा, त्यांची उंचीची खूण तिथेच असते आणि वरच्यावर निर्णय होत राहतात. आणि दुसऱ्या प्रकरणाबद्दल बोलायचं तर घरगुती भांडणाचंही दुसरं प्रकरण दर वेळी तेच असतं. कोणी सुरुवात केली इथून ते सुरू होतं आणि घरातलं कोणीही ते लक्ष देऊन ऐकत नाही. कारखान्यानं नकळत का होईना, पण वस्तुस्थितीचा साचा बरोबर उचलला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बारा वर्षांच्या मुलीनं दुसऱ्याचं मोडकं घर उचलून धरायचं, याचं कौतुक करायचं की याबद्दल कोणाला जाब विचारायचा? क्रिस्टीला घरात बापाची जागा भरावी लागते, डॉनला आधी स्वतःच्या आईच्या आणि मग बॅरेट बाईंच्या वस्तू शोधाव्या लागतात. पोरांच्या खांद्यावर मोठ्यांचं ओझं टाकून वर त्याला उद्योजकता म्हणायचं, ही चलाखी झाली. हे सगळं मान्य. फक्त पुस्तक ही चलाखी करत नाही, हे शेवटच्या प्रकरणांपर्यंत गेलं की दिसतं. डॉन निमूटपणे भांडी घासत बसत नाही. बडी सापडल्यावर ती बॅरेट बाईंसमोर बसते आणि तक्रारी एकेक करून मांडते. तुम्ही नंबर ठेवत नाही, मुलांबद्दलची महत्त्वाची माहिती देत नाही, घरकाम हे माझं काम नव्हे. बाई आधी चपापतात, मग ऐकून घेतात. कौटुंबिक कादंबरीच्या शेवटी माणसं गळ्यात पडून रडतात. इथे सेवाशर्ती ठरतात. बाराव्या वर्षी आपण किती काम करणार आणि किती नाही हे एका मोठ्या बाईला तोंडावर सांगणं, हा धडा कितीतरी नोकरदारांना साठीपर्यंत साधत नाही. ओझं टाकणं चूक आहे हे सांगायला भाषण लागत नाही; जिच्यावर टाकलं तिनं ते खाली ठेवलेलं दाखवलं की पुरतं.

तिसरा आक्षेप खास मराठी वाचकाचा: घरात आजी असती तर ही वेळच आली नसती. आजी असती तर १३१ पुस्तकंही आली नसती, हे उत्तर पटकन सुचतं, पण ते पुरेसं नाही, कारण मालिकेत आज्या आहेत. क्लॉडियाची जपानी आजी मिमी ही सगळ्या गावातली एकमेव वडीलधारी व्यक्ती, जिला मुलींचं ऐकून घ्यायला वेळ असतो. आणि मालिकेनं तिला सव्विसाव्या पुस्तकात मारली. क्रिस्टीच्या घरी व्हिएतनाममधून दत्तक मुलगी येते तेव्हा नॅनी आजी राहायला येतात, पण त्या गुलाबी खटारा चालवतात, त्यांचे स्वतःचे कार्यक्रम असतात, नातवंडांच्या मागे ताट घेऊन फिरायला त्या रिकाम्या नाहीत. शिवाय आजीनं प्रश्न सुटतो हा आपलाही गोड समजच आहे; आजी असलेल्या घरात मूल कोण सांभाळणार हे ठरलेलं असतं, पण कोणाच्या पद्धतीनं सांभाळणार यावरून पानिपत होतं. आणि आपल्या बालसाहित्यानं तरी काय केलं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पण शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. मुलाला पराक्रम करू द्यायचा तर त्याला आईबापांपासून लांब ठेवणं आलं. आपल्या लेखकांनी त्यासाठी मुलाला घराबाहेर धाडलं. मार्टिनबाईंनी मुलींना घरातच ठेवलं आणि आईबापांना बाहेर धाडलं. पराक्रमाची जागा त्यामुळे स्वयंपाकघरात आली, एवढाच काय तो फरक.

मग एवढं सगळं मान्य करून या पुस्तकाकडे हसत का बघावं? कारण त्याच्या तळाशी एक प्रामाणिक व्यावहारिक पेच आहे, आणि तो लेखिकेला सोडवायचा नाही. क्लबचा धंदा गावातल्या अव्यवस्थेवर चालतो. स्टोनीब्रुकची सगळी जोडपी गुण्यागोविंदानं नांदायला लागली, सगळ्या आया वेळेवर घरी यायला लागल्या, सगळ्या बापांचे शनिवार भिंतीवर ठळक लिहिले गेले, तर सोमवारी साडेपाचला फोन वाजणार नाही. म्हणून बॅरेट बाईंना सुधारायचं, पण बेतानं, असं धोरण मालिकेनं ठेवलेलं दिसतं. डॉनचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं, नंबर ठेवायला सुरुवात केली, घर जरा आवरलं, आणि पुढे रीतसर दुसरं लग्नही केलं: फ्रँकलिन ड्यूइट यांच्याशी. ते भले गृहस्थ. त्यांना आधीची मुलं चार. बॅरेट बाईंची तीन मिळून एका छपराखाली सात झाली, आणि क्लबला आता त्या घरी एकीऐवजी दोघी पाठवाव्या लागणार, तेही दोघींचे पैसे लावून.